आसाचें वंगण आणि गिअरचें तेल

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ सालीं उभारलेल्या ह्या वर्तुळाकार पेठेच्या भोंवतीं आज टेंपो आणि पिकअप गाड्यांची दाटी असते. पण पेठ वसली तेव्हां ह्या रस्त्यांवर राज्य होतें तें बैलगाडीचें. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर ह्या बाजूंनीं धान्य आणि गळिताचा माल भरून गाड्यांच्या रांगा येत. उन्हाळ्याच्या दिवसांत गाडीवान रात्रीच्या गारव्यांतच मजल मारीत. गाडी दिसण्याच्या आधीं तिच्या चाकांचा आवाज ऐकूं येई, आणि त्या आवाजावरून जाणता माणूस दोन गोष्टी सांगूं शके : गाडी कितपत भरलेली आहे, आणि गाडीवानानें निघतांना चाकांना वंगण घातलें आहे कीं नाहीं.

गाडीच्या साटीखालीं एक नळा टांगलेला असे. कधीं तो बांबूच्या पेराचा, तर कधीं जनावराच्या शिंगाचा. त्यांत एरंडेल किंवा दुसरें एखादें जाड तेल असे. कोणी त्यांत चिंध्या जाळून केलेली काजळी कालवीत. मुक्कामावर चाक आसावरून थोडें बाहेर ओढावयाचें, काडीच्या टोंकाला चिंधी गुंडाळून तें तेल आसाला माखावयाचें आणि चाक पुन्हां जागेवर बसवावयाचें, एवढाच तो विधि. तो चुकला तर काय होतें हें सांगावयास पंडित नको होता. तुंब्याचें लाकूड आसावर घांसे, धूर येई, बैलांच्या तोंडाला फेंस येई, आणि कोसभर वाट दोन कोसांसारखी वाटे.

गाडीवानाला ह्या बाबतींत एकच नियम ठाऊक होता : तेल जितकें जाड, तितकें तें टिकाऊ. त्याच्या गाडीपुरता तो नियम अगदीं बरोबर होता. बैलाच्या चालीनें फिरणारें चाक मंद फिरतें. भार मात्र मोठा असतो. आणि आसाचें तोंड धुळीला उघडें असतें. अशा ठिकाणीं पातळ तेल क्षणभरही टिकावयाचें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरलेला हा नियम होता. तो नियम गाडीबरोबर संपला नाहीं, आणि ज्या यंत्रांना तो लागू नव्हता त्यांनाही लावला गेला. वंगणाच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासांत बहुतेक नुकसान झालें तें ह्याच कारणानें.

लोखंडी रुळांची वाट नांदेडला लातूरच्या आधीं पोंचली. हैदराबादेहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, आणि गोदावरीच्या कांठचें नांदेड एकीकडून हैदराबादेशीं व दुसरीकडून मुंबईच्या वाटेशीं जोडलें गेलें. लातूरची आगगाडी आली ती पश्चिमेकडून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज एंजिनियरच्या खटपटीनें अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, तेथून बार्शीपर्यंत ती धांवूं लागली. १९११ सालीं ही चिमुकली गाडी लातूरला पोंचली. पुढें १९२७ सालीं दुसऱ्या बाजूनें ती मिरजेला भिडली, आणि मिरज ते लातूर असा सव्वातीनशें किलोमीटरांचा एकसंध मार्ग तयार झाला. लातूरच्या पेठेचा उत्कर्ष ह्या गाडीच्या आगमनाशीं निगडित आहे.

आगगाडीच्या डब्याचें चाक आसाभोंवतीं फिरत नाहीं; चाक आणि आस एकजीव होऊन दोन्हीं मिळून फिरतात, आणि आसाचें टोंक एका लोखंडी पेटींत, पितळी धातूच्या टेकणाखालीं फिरतें. त्या पेटींत तेलानें भिजविलेलें सूत किंवा लोकर कोंबलेली असे. तें सूत आसाला सतत तेल पुसत राही. सूत कोरडें पडलें कीं पेटी तापे, धुराचा वास सुटे, आणि गाडी वाटेंत थांबवून तो डबा सोडून द्यावा लागे. हिंदुस्थानांतील रेल्वे कंपन्यांनीं ह्या कामीं प्रथम जें तेल भरपूर वापरलें तें गाडीवानाच्या नळ्यांतलेंच एरंडेल होतें. स्टेशनांवरचे दिवेही त्यावरच जळत. शेतांत आणि बांधावर वाढणाऱ्या एरंडाला अशा रीतीनें यंत्रयुगांत अकल्पित मान मिळाला. हैदराबाद संस्थान तर एरंडीच्या पिकासाठीं प्रसिद्धच होतें, जरी त्या पिकाचा मोठा हिस्सा तेलंगणाच्या जिल्ह्यांतून येई.

आसाखालीं तेल नेमकें काय करतें, ह्याचा उलगडा मात्र विलायतेंत झाला, आणि तोही जवळजवळ अपघातानें. १८८३ सालीं बोशां टॉवर नांवाचा एंजिनियर तेथील यांत्रिक एंजिनियरांच्या संस्थेसाठीं रेल्वेच्या आसांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं म्हणून त्यानें वरच्या पितळी टेकणाला एक भोंक पाडलें. आस फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं उलट वर येऊन वाहूं लागलें. त्यानें भोंकांत बूच मारलें. तेलानें तें बाहेर फेंकलें. लांकडी खुंटी ठोकली. तीही वर सरकली. शेवटीं दाबमापक लावला, तेव्हां तेलाच्या त्या पातळ थरांतला दाब आसावरील भाराच्या सरासरीहून कितीतरी अधिक भरला. फिरणारा आस आपल्याच गतीनें तेलाला पाचरीसारखें खालीं ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. धातूचा धातूला स्पर्शही होत नाहीं. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्या शास्त्रज्ञानें ह्याचें गणित मांडलें, आणि वंगणाचें शास्त्र जन्माला आलें.

ह्या गणितानें गाडीवानाचा नियम खोटा ठरला नाहीं. त्याची मर्यादा तेवढी स्पष्ट झाली. चाल मंद आणि भार जड असेल तेथें जाड तेल हवें. चाल वेगाची असेल तेथें पातळ तेलही तरंगण्यापुरता दाब निर्माण करतें, आणि तेथें जाड तेल घातलें तर उलट ओढ वाढते, उष्णता वाढते व इंधन फुकट जातें. तेव्हां अमुक तेल चांगलें, अमुक वाईट असें सरसकट म्हणतां येत नाहीं. कोणत्या यंत्राला, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो.

दरम्यान जमिनींतून निघणारें खनिज तेल पुढें आलें होतें. १८५९ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया प्रांतांत एडविन ड्रेक ह्यानें पहिली यशस्वी तेलविहीर खोदली. १८६६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें व्हॅक्यूम ऑईल कंपनी निघाली. तिचा आरंभींचा एक माल घोड्यांच्या चामडी साजाला लावावयाचें तेल हा होता. ह्याच कंपनीनें पुढें मोबिल ऑईल हें नांव जगभर नेलें, आणि तें मराठी मुलखांत इतकें रुळलें कीं कोणत्याही कंपनीचें एंजिन तेल खेडोपाडीं ‘मोबिल’च म्हटलें जाऊं लागलें. दुसरीकडे वेकफील्ड नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें १९०९ सालीं मोटारींसाठीं एक तेल काढलें. त्यांत एरंडेल मिसळलेलें असल्यामुळें एरंडीच्या ‘कॅस्टर’ ह्या इंग्रजी नांवावरून त्यानें त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांतील अनेक विमानांच्या फिरत्या एंजिनांनाही एरंडेलच लागे. कारण तें धातूला घट्ट चिकटतें आणि पेट्रोलांत सहज विरघळत नाहीं. त्याचा दोष एकच, पण मोठा होता. तापून तापून त्याची राळ बनते आणि ती यंत्राला चिकटून बसते. नळ्यांतलें एरंडेल रोज नवें माखलें जाई म्हणून गाडीवानाला हा दोष कधीं जाणवला नाहीं. बंद पेटींत महिनोन्‌महिने राहणाऱ्या तेलाला तो खपण्यासारखा नव्हता, आणि त्या कामावरून एरंडेल हळूहळू मागें पडलें.

मराठवाड्याच्या मातीच्या सडकांवर मोटार आली ती ह्या पार्श्वभूमीवर. हैदराबाद संस्थानांत १९३२ च्या जून महिन्यांत निजाम स्टेट रेल्वेनें २७ बसगाड्यांनिशीं रस्ता-वाहतुकीचें खातें उघडलें. रेल्वेनें स्वतःच बस चालवावी हा प्रकार त्या वेळीं नवा होता, आणि त्याचा एक फायदा असा झाला कीं रेल्वेच्या कारखान्यांतील शिस्त मोटारीच्या दुरुस्तींत आली : तेल मोजून घालावयाचें, ठराविक अंतरानंतर बदलावयाचें आणि त्याची नोंद ठेवावयाची. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. ह्या भागाची बस-वाहतूक १९६१ सालीं महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळांत सामील झाली. हीं सर्व स्थित्यंतरें होत असतां नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर येथें एक नवा धंदेवाईक वर्ग उदयास येत होता. तो म्हणजे मोटार-मिस्त्री. सुताराचा आणि लोहाराचा गाडीशीं असलेला जुना संबंध हळूहळू त्याच्याकडे गेला, आणि ‘जाड तेल तें चांगलें’ हा जुना नियमही त्याच्याकडे वारसाहक्कानें आला.

आरंभीच्या मोटारींत तो नियम चालूनही गेला. त्या काळचा गिअर म्हणजे सरळ दांत्यांचीं चाकें. तीं बाजूला सरकवून एकमेकांत अडकवावयाचीं, आणि अडकतांना व्हावयाचा तो खडखडाट व्हावयाचा. ह्या पेटींत कित्येक ठिकाणीं आगगाडीच्या एंजिनाच्या सिलिंडरसाठीं बनविलेलें घट्ट, काळपट तेलच ओतलें जाई. दांते जाडजूड होते, वेग बेताचा होता, तेव्हां तेल कसेंही असलें तरी भागत होतें.

पुढें दोन शोधांनीं हें सारें पालटलें. पहिला शोध मागच्या आसाच्या पेटींतला, जिला मिस्त्रीलोक डिफरन्शियल किंवा नुसतें हौसिंग म्हणतात. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें तेथें नव्या घडणीचे, तिरप्या वळणाचे हायपॉइड गिअर बसविले. त्यामुळें एंजिनाकडून येणारा दांडा खालीं गेला आणि गाडीची बैठक ठेंगणी करतां आली. परंतु ह्या गिअरांचे दांते एकमेकांवर नुसते टेकत नाहींत. ते दाबाखालीं लांबवर घसरतात. तो दाब इतका असतो कीं टॉवरला सांपडलेली तेलाची पाचर तेथें तुटते आणि लोखंड लोखंडाला भिडतें. जाड तेल घालूनही हे दांते टिकेनात.

ह्यावर उपाय सांपडला तो रसायनशास्त्रांत. तेलांत गंधक मिसळावयाचें. दांत्यांच्या टोंकाशीं जेथें घर्षणानें क्षणभर अतिशय उष्णता उत्पन्न होते, तेथें गंधक लोखंडाशीं संयोग पावून एक अत्यंत पातळ साय धरतें. पुढच्या घर्षणांत लोखंडाच्या ऐवजीं ती साय झिजते, आणि लगेच नवी साय धरते. म्हणजे तेलानें तरंगवून रक्षण करण्याची जुनी रीत येथें संपली, आणि स्वतःचा बळी देऊन रक्षण करणारें तेल आलें. पुढें गंधकाच्या जोडीला फॉस्फरस आला. डब्यावर ‘ईपी’ हीं दोन अक्षरें असतात तीं ह्याच अतिदाबाच्या तेलाचीं. ह्या कामीं गंधक धारण करण्यासाठीं कित्येक वर्षें स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यांतलें तेल वापरलें जाई. रस्त्यावरच्या गाडीसाठीं समुद्रांतल्या प्राण्याची शिकार होत असे. १९७० नंतर अमेरिकेनें त्या तेलावर बंदी घातली, आणि वनस्पतिज व कृत्रिम द्रव्यांनीं त्याची जागा घेतली.

दुसरा शोध पुढच्या गिअर-पेटींतला. १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश आला. गिअर बदलतांना दोन चाकांचे वेग आधीं सारखे करून घ्यावयाचे आणि मगच दांते अडकवावयाचे, ही त्यांतील युक्ति. वेग सारखे करण्याचें काम बहुधा पितळेची एक शंकूच्या आकाराची कडी करते. ती फिरत्या पोलादी शंकूवर दाबली जाते आणि घर्षणानें त्याला आपल्या वेगावर आणते. जणूं ती एक इवलीशी ब्रेकच आहे. खडखडाट थांबला तो ह्या कडीमुळें, आणि चालकाच्या हाताला मऊपणा आला तोही हिच्यामुळेंच.

ह्या दोन शोधांना एकत्र ठेवून पाहिलें म्हणजे सारा पेंच ध्यानांत येतो. मागच्या हौसिंगला अतिशय निसरडें आणि गंधकानें भरलेलें तेल हवें असतें. पुढच्या पेटींतल्या पितळी कडीला थोडें घर्षण हवें असतें. तेल फार निसरडें झालें तर ती घसरत राहते, वेग सारखे होत नाहींत, आणि गिअर पडतांना कुरकुर सुरू होते. शिवाय तीव्र गंधक उष्णतेंत तांब्या-पितळेवर चढतें आणि तें खातें. एकाच गाडीला अशा रीतीनें परस्परविरोधी स्वभावाचीं दोन तेलें लागूं लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत जगभर गेलेल्या जीप गाडीच्या आसांत हायपॉइड गिअर होते आणि पेटींत, निदान वरच्या गिअरांपुरता, सिंक्रोमेश होता. लढाईनंतर महिंद्रांनीं भारतांत जीप जुळविण्यास प्रारंभ केला आणि ती गाडी शेतावर, जंगलांत, कचेरींत सर्वत्र पोंचली. तिच्याबरोबर हा पेंचही खेडोपाडींच्या मिस्त्रीच्या दारांत येऊन उभा राहिला.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ह्या संस्थेनें पुढें गिअर तेलांना जीएल ह्या अक्षरांनीं क्रमांक दिले. जीएल-१ म्हणजे कांहींही न मिसळलेलें साधें खनिज तेल. जीएल-४ मध्यें गंधक-फॉस्फरसाचें प्रमाण मध्यम. जीएल-५ मध्यें तें जवळजवळ दुप्पट. येथें एक भाषेचा घोटाळा झाला. शाळेंत चौथीनंतर पांचवी येते, म्हणून पांचवी वरची. तसेंच जीएल-५ हें जीएल-४ च्या वरचें, अधिक चांगलें तेल असें सामान्य मनुष्यानें मानलें. वस्तुतः हे क्रमांक कामाचे आहेत, पायरीचे नव्हेत. पांच हा मागच्या हौसिंगसाठीं, चार हा बहुधा पुढच्या पेटीसाठीं. अलीकडच्या कांहीं जीएल-५ तेलांत पितळेचें रक्षण करणारीं द्रव्यें घालतात. तरीही कडी घसरण्याचा प्रश्न उरतोच. गाडीवानाच्या काळीं जाडपणाबद्दल जी समजूत होती, तीच येथें आंकड्यांबद्दल झाली.

दुसरा घोटाळा जाडपणाच्या आंकड्याचा. अमेरिकन मोटार-एंजिनियरांच्या एसएई संस्थेनें तेलाच्या जाडपणाला आंकडे ठरवून दिले, पण एंजिन तेलाची मोजपट्टी वेगळी आणि गिअर तेलाची वेगळी ठेवली. त्यामुळें बाजारांत ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात तें गिअर तेल चाळीस नंबरच्या एंजिन तेलाच्या दुपटीहून जाड असतें, हा केवळ भास आहे. प्रत्यक्षांत तें चाळीस ते पन्नास नंबरच्या एंजिन तेलाइतपतच जाड असतें. ‘८०डब्ल्यू-९०’ म्हणजे काय, तर थंडींत ऐंशीप्रमाणें वाहणारें आणि तापल्यावर नव्वदप्रमाणें राहणारें तेल. ‘एकशेंचाळीस’ हें खरोखरच जाड असून तें मुख्यतः अवजड वाहनांच्या हौसिंगसाठीं असतें.

हा सारा इतिहास आज लातूर-नांदेडकडे कोणाच्या उपयोगी पडावयाचा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर बाजार समितीच्या फाटकाशीं मिळतें. १९८६ सालीं टाटांची ४०७ आली, १९८८ सालीं टाटामोबाईल हा पिकअप आला. मागोमाग महिंद्रांचे आणि इतरांचे पिकअप आले. बैलगाडीचें काम त्यांनीं उचललें. सोयाबीनचीं पोतीं, अर्धापूरचीं केळीं, कापसाच्या गांठी, जनावरांचा कडबा, लग्नाचें वऱ्हाड, सारें कांहीं ह्या गाड्यांतून जातें. २०१६ च्या एप्रिलांत दुष्काळानें लातूरचे नळ आटले, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. कॅलथ्रॉपच्या चिमुकल्या गाडीनें एके काळीं जोडलेलीं हींच तीं दोन टोंकें, रूळ मात्र आतां रुंद झालेले. त्या उन्हाळ्यांत गल्लीबोळांतून पाणी फिरलें तें टँकरांनीं आणि टांक्या लादलेल्या लहान गाड्यांनीं. पंचवीस वर्षांची जुनी पिकअप ही कित्येक घरांत दुभत्या जनावरासारखी आहे. तिची गिअर-पेटी गेली तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय गाडी उभी राहिल्यानें ऐन हंगामांतले दिवसही बुडतात.

अशा जुन्या गाडीवर दोन विरुद्ध बाजूंनीं संकट येतें. एक संकट जुन्या नियमाचें : पेटी आवाज करूं लागली कीं तींत एकशेंचाळीस नंबरचें तेल, प्रसंगीं ग्रीसही, भरावयाचें. आवाज दबतो, कारण जाड तेल दांत्यांमधला ढिलेपणा झांकतें. पण झीज थांबत नाहीं, आणि गार पेटींत पितळी कडीला तें तेल बाजूस सारतां येत नसल्यामुळें सकाळीं पहिला गिअर पडतांना जोर लावावा लागतो. जुनी गाडी विकतांना पेटींत लांकडाचा भुसा घालून आवाज लपविण्याची जी युक्ति सांगतात, ती ह्याच कुळांतली. दुसरें संकट नव्या नियमाचें : मालक कौतुकानें सर्वांत महाग आणि सर्वांत मोठ्या क्रमांकाचें जीएल-५ आणून पेटींत ओततो. कांहीं महिन्यांनीं गिअर कुरकुरूं लागतो, आणि गाडी म्हातारी झाली असें तो म्हणतो. एकानें कालचें तेल आजच्या यंत्राला दिलें. दुसऱ्यानें आजचें तेल कालच्या यंत्राला दिलें. चूक एकच आहे.

तेल निवडतांना पहिला मान गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाला द्यावा. तें हरवलें असेल तर कंपनीच्या अधिकृत दुकानांतून त्या वर्षाच्या, त्या बनावटीच्या गाडीचें तेल विचारून घ्यावें. कारण कांहीं पेट्यांना एंजिन तेल किंवा आणखी निराळें तेलही सांगितलेलें असतें. सामान्यतः पितळी कड्यांच्या जुन्या पेटीला जीएल-४ जातीचें ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचें तेल, आणि हायपॉइड हौसिंगला जीएल-५ जातीचें ९० नंबरचें किंवा कंपनीनें सांगितलें असल्यास १४० नंबरचें, असा विभाग पडतो. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो म्हणून पेटीचें तेल जाड करावें असें कित्येकांना वाटतें. परंतु नव्वद हा आंकडा मुळीं शंभर अंशांच्या उष्णतेंत मोजलेला असतो, म्हणजे बाहेरच्या उन्हाचा हिशेब त्यांत आधींच धरलेला आहे.

तेल बदलण्याची रीत साधी आहे, पण तिला क्रम आहे. गाडी थोडी चालवून आणून सपाट जागीं उभी करावी, म्हणजे तापलेलें तेल आपल्याबरोबर गाळ घेऊन बाहेर येतें. चाकांना अडण लावावी. मग पेटीच्या बाजूचा, तेल भरावयाचा नट आधीं सोडवून पाहावा आणि नंतरच खालचा नट काढावा. हा क्रम उलटा झाला आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर पेटी रिकामी आणि तेल भरावयास वाट नाहीं अशी स्थिति होते. पुष्कळ गाड्यांत खालच्या नटाला लोहचुंबक असतो. त्यावर राखेसारखा बारीक लगदा असला तर ती वयोमानाची झीज समजावी. लोखंडाचे कपचे किंवा दांत्याचे तुकडे दिसले तर तेल बदलून भागावयाचें नाहीं, पेटी उघडावीच लागते. पिवळी चकाकी दिसली तर ती पितळी कडीची खूण होय. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर ओढ्या-नाल्यांतून जातांना आंत पाणी शिरलें आहे असें समजावें आणि त्याची वाटही शोधावी. नवें तेल भरण्याच्या भोंकाच्या कांठाशीं येऊन बाहेर पाझरूं लागलें म्हणजे पुरें. त्याहून अधिक कोंबल्यास तें फेंसाळतें आणि सील फोडून बाहेर येतें. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरांनंतर नट पाझरत नाहींत ना, हें एकदां खालीं वांकून पाहावें.

निघालेल्या जुन्या तेलाचाही विचार हवा. गाडीवानाच्या नळ्यांतलें एरंडेल मातींत सांडलें तर माती तें पचवीत असे. हें तेल तसें नाहीं. त्यांत गंधकाचीं द्रव्यें आणि धातूचा कीस असतो, आणि नालींत ओतलेलें हें तेल शेवटीं नदीकडेच जातें. तें डब्यांत सांठवून जुनें तेल विकत घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्यावें.

गंजगोलाईच्या वाटेवरचा तो गाडीवान निरक्षर असेल. एसएई आणि जीएल हीं अक्षरें त्यानें पाहिलीं नव्हतीं. पण मुक्काम आला कीं तो आधीं चाकाजवळ बसे, हात लावून आस कितपत तापला आहे तें पाही, काळें तेल बोटांनीं चोळून त्यांत खडे आहेत कीं काय तें पारखी, आणि मगच स्वतःच्या भाकरीकडे वळे. आजच्या पिकअपच्या मालकाजवळ पुस्तक आहे, डब्यावरचे आंकडे आहेत, दर्जाचे शिक्के आहेत. त्या गाडीवानाची सवय त्यानें ह्या ज्ञानाला जोडली, वर्षांतून एकदां गाडीखालीं वांकून नट सोडला आणि तेल बोटांवर घेऊन पाहिलें, तर जुनी पेटीही पुष्कळ वर्षें साथ देते.